सदनिका एकाची, इमारत सर्वांची
अपार्टमेंटमालकांचे हक्क व कर्तव्ये

वाड्यात किंवा चाळीत बिऱ्हाड करून राहणाऱ्या कुटुंबाचा घराशी असलेला संबंध मर्यादित होता. दरमहा भाडे चुकते केले की त्याची जबाबदारी संपत असे. कौले फुटली, जिना खचला किंवा मोरीचे पाणी तुंबले तर मालकाकडे जाऊन तक्रार करावयाची आणि मालकाने दाद दिली नाही तर शेजाऱ्यांत बसून त्याला नावे ठेवावयाची, एवढेच भाडेकरूच्या हाती होते. आज शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावी आणि मोठ्या रस्त्यांलगतच्या खेड्यांतही बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत राहणारी कुटुंबे भाडेकरू नाहीत, मालक आहेत. आयुष्यभराची शिल्लक, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज यांतून त्यांनी सदनिका घेतलेली असते. तथापि गच्ची गळू लागली किंवा पाण्याचा पंप बंद पडला की यांपैकी अनेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो जुन्याच वळणाचा : “याची दुरुस्ती कोण करणार?”

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच दिलेले आहे. भाडेकरूला तक्रार करण्यासाठी मालक होता. सदनिकाधारकांच्या इमारतीत मालक म्हणून बोट दाखविता येईल असा दुसरा कोणी नाही. सर्व सदनिकाधारक मिळून तो मालक होतात. हक्क आणि कर्तव्य या दोहोंचा उगम याच एका वस्तुस्थितीत आहे.

जुन्या इमारतींचा धडा

इमारतीची काळजी वाहणारा धनी उरला नाही म्हणजे काय होते, याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले. परंतु त्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. भाडेकरू म्हणत की इमारत आमची नव्हे, आणि मालक म्हणत की उत्पन्न आमचे नव्हे. या दोहोंच्या मध्ये भिंती खचत गेल्या. अखेर १९६९ साली स्वतंत्र कायदा करून शासनाला अशा इमारतींवर उपकर बसवावा लागला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी व पुनर्बांधणीसाठी मंडळ नेमावे लागले. १९७७ साली हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, म्हणजेच ‘म्हाडा’कडे आले. सर्वांनी वापरावे आणि कोणीच सांभाळू नये, या स्थितीचा शेवट असा होतो. मालकी तत्त्वावरील इमारतींत हीच स्थिती पुन्हा निर्माण होऊ नये, हा संबंधित कायद्यांचा एक प्रमुख हेतू आहे.

तीन कायदे

एकत्र येऊन घरे बांधण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतील गावदेवी येथे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. सध्या अशा संस्थांचा कारभार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये चालतो. या अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आहे.

स्वातंत्र्यानंतर शहरांत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि बांधकाम करणाऱ्यांकडून थेट सदनिका विकत घेण्याची प्रथा वाढली. तिच्याबरोबर गैरप्रकारही वाढले. शासनाने चौकशीसाठी समिती नेमली आणि तीनंतर १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम अस्तित्वात आला. व्यवहारात तो ‘मोफा’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. नोंदणीकृत करारनामा करणे, खरेदीदारांची संस्था स्थापन करणे आणि जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण करून देणे, ही प्रवर्तकाची म्हणजे बिल्डरची कर्तव्ये या कायद्याने निश्चित केली.

तिसरा कायदा म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७०. सहकारी संस्थेहून निराळी अशी मालकीची एक पद्धत त्याने उपलब्ध करून दिली. इंग्रजीत तिला ‘काँडोमिनियम’ म्हणतात. पुण्यासारख्या शहरांत या पद्धतीच्या इमारती बऱ्याच आढळतात. या तिन्ही कायद्यांच्या जोडीला स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ आला आणि १ मे २०१७ पासून राज्यात ‘महारेरा’ प्राधिकरणाचे काम सुरू झाले.

संस्था आणि अपार्टमेंट यांतील भेद

सदनिका घेणाऱ्याने सर्वप्रथम हा भेद समजून घ्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत अभिहस्तांतरण झाल्यानंतर जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते. सभासदाकडे संस्थेचे भाग असतात आणि त्यांच्या अनुषंगाने आपल्या सदनिकेचा वापर व हस्तांतरण करण्याचा हक्क असतो. निर्णय ‘एक सभासद, एक मत’ या सहकारी तत्त्वाने होतात.

अपार्टमेंट पद्धतीत सदनिका ही स्वतंत्र स्थावर मालमत्ता मानली जाते. ती वारसाहक्काने जाते, विकता येते आणि गहाण ठेवता येते. जमीन, पाया, मुख्य भिंती, छत, जिने, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, आवार इत्यादी ‘सामायिक क्षेत्रे व सुविधा’ यांत प्रत्येक मालकाचा ठराविक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा असतो. व्यवस्था पाहण्यासाठी सर्व मालकांचा संघ असतो आणि तो उपविधींनुसार चालतो. संघाच्या नमुना उपविधींप्रमाणे मताचे वजनही या टक्केवारीवर अवलंबून असते.

या पद्धतीचा प्रारंभ घोषणापत्राने होतो. मिळकतीचा एकमेव मालक किंवा सर्व मालक ती मिळकत १९७० च्या अधिनियमाखाली आणीत असल्याचे घोषणापत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवितात. जमिनीचे व इमारतीचे वर्णन, प्रत्येक सदनिकेचा तपशील, सामायिक क्षेत्रांची यादी आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची टक्केवारी त्यात असते. त्यानंतर प्रत्येक खरेदीदाराच्या नावे अपार्टमेंटचे खरेदीखत, ज्याला ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ म्हणतात, ते नोंदविले जाते. अनेक सदनिकाधारकांजवळ करारनामा असतो आणि ताबापत्र असते. पण घोषणापत्राची प्रत त्यांनी कधी पाहिलेली नसते. वस्तुतः शेतकऱ्याला सातबाराचा उतारा जितका महत्त्वाचा, तितकेच सदनिकाधारकाला घोषणापत्र महत्त्वाचे आहे. गच्ची कोणाची, वाहने ठेवण्याची जागा कोणती, आपला हिस्सा किती, यांची उत्तरे त्यात सापडतात.

मालकांचे हक्क

पहिला हक्क सदनिकेच्या अनन्य मालकीचा व ताब्याचा. दुसरा हक्क सामायिक क्षेत्रांच्या वापराचा. ज्या प्रयोजनासाठी ते क्षेत्र ठेवलेले आहे त्याच प्रयोजनासाठी आणि इतरांच्या कायदेशीर हक्कांना बाध न आणता प्रत्येक मालकाला त्याचा वापर करता येतो. लहान सदनिकेच्या मालकाने जिन्याचा वापर कमी करावा, असे कोणाला म्हणता येत नाही.

तिसरा हक्क अविभक्त हिश्श्याच्या सुरक्षिततेचा. हा हिस्सा सदनिकेपासून तोडता येत नाही. खरेदीखतात त्याचा उल्लेख राहून गेला तरी सदनिकेबरोबर तोही हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. सामायिक क्षेत्रांची वाटणी मागण्याचा दावाही, मिळकत या अधिनियमाखाली आहे तोवर, कोणाला करता येत नाही.

चौथा हक्क हिशेब पाहण्याचा. सामायिक जमाखर्चाचे तपशीलवार हिशेब व पावत्या ठेवणे आणि मालकांना त्या सोयीच्या वेळी तपासू देणे, हे व्यवस्था पाहणाऱ्यांवर बंधनकारक आहे. वर्षातून निदान एकदा बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून हिशेब तपासून घ्यावयाचे असतात. हिशेब मागणे म्हणजे कार्यकारी मंडळींवर अविश्वास दाखविणे होय, असा जो समज आढळतो तो चुकीचा आहे.

पाचवा हक्क प्रवर्तकाविरुद्धचा. २०१६ च्या अधिनियमानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या संरचनेत दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करणे प्रवर्तकावर बंधनकारक आहे. प्रवर्तकाने अभिहस्तांतरण टाळल्यास २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झालेली आहे. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. इमारतीखालच्या खांबांमधील वाहनतळाची जागा स्वतंत्र सदनिकेप्रमाणे विकण्याचा अधिकार प्रवर्तकाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे.

खर्चाचा वाटा

सर्वाधिक वाद खर्चावरून होतात. अपार्टमेंट पद्धतीत सामायिक उत्पन्न व सामायिक खर्च हे दोन्ही अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटले जातात. हा हिस्सा एकूण मिळकतीच्या मूल्याशी सदनिकेच्या मूल्याचे जे प्रमाण पडेल त्यावरून ठरतो. उदाहरणार्थ, एखाद्या इमारतीत ११ सदनिका आहेत असे समजू. त्यांपैकी ८ लहान असून ३ मोठ्या आहेत आणि लहान व मोठ्या सदनिकेच्या मूल्याचे प्रमाण २ : ३ आहे. अशा वेळी लहान सदनिकेचा हिस्सा ८ टक्के व मोठीचा १२ टक्के येतो. ८ लहान सदनिकांचे ६४ आणि ३ मोठ्यांचे ३६ मिळून १०० टक्के पूर्ण होतात. गच्चीच्या दुरुस्तीला ५ लाख रुपये लागले, तर लहान सदनिकेच्या मालकाने ४० हजार आणि मोठ्या सदनिकेच्या मालकाने ६० हजार रुपये द्यावयाचे. उलट, गच्चीवर भाड्याने जागा देऊन वर्षाला १ लाख रुपये मिळाले, तर त्यातील अनुक्रमे ८ हजार व १२ हजार रुपये त्यांच्या वाट्यास येतील.

सहकारी संस्थेत रीत निराळी आहे. आदर्श उपविधींनुसार सेवा आकार सर्व सदनिकांना सारखा असतो. पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आकारली जाते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या निदान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड निदान ०.२५ टक्के, असा दरसाल जमा करावयाचा असतो. आपली इमारत कोणत्या पद्धतीखाली येते हे ठाऊक नसल्यामुळे एका पद्धतीचा नियम दुसरीला लावला जातो आणि वर्षानुवर्षे भांडणे चालतात. कागदपत्रे एकदा पाहिली तर यांतील बहुतेक भांडणे मिटतील.

न वापरल्याने देणे टळत नाही

“मी तळमजल्यावर राहतो, मला लिफ्टचे काय काम?” “माझी सदनिका बंद आहे, मी परगावी नोकरीला असतो.” “गच्ची वरच्याच्या डोक्यावर गळते, माझ्या नव्हे.” अशी विधाने प्रत्येक सभेत ऐकू येतात. ती बोलणारा माणूस लबाड असतोच असे नाही. ज्याचा उपयोग नाही त्याचे पैसे का द्यावेत, हा व्यवहारी विचार त्यामागे असतो. परंतु १९७० च्या अधिनियमाने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. सामायिक सुविधेचा वापर सोडून दिला किंवा सदनिका रिकामी ठेवली, एवढ्यावरून कोणत्याही मालकाला सामायिक खर्चाच्या वाट्यातून सूट मिळत नाही.

यामागील तर्क समजून घेण्याजोगा आहे. तळमजल्याचा मालक लिफ्टने जात नसेल, पण लिफ्ट हा त्याच्याही मालकीचा भाग आहे. गच्चीतून झिरपणारे पाणी प्रथम वरच्या मजल्याच्या छतात उतरते, नंतर खांबातील लोखंडाला गंज चढवते, आणि तोच खांब तळमजल्याच्या घरातून जमिनीत गेलेला असतो. वरच्याचे छत आणि खालच्याचा पाया ही एकाच सांगाड्याची दोन टोके आहेत. पावसाळ्यापूर्वी काही हजारांत होणारे काम दोन-चार वर्षे ढकलले तर त्याचा खर्च लाखांत जातो आणि तो सर्वांनाच सोसावा लागतो.

थकलेल्या सामायिक खर्चाचा त्या सदनिकेवर बोजा बसतो. स्थानिक संस्थेचा कर आणि पहिल्या गहाणाची रक्कम सोडली तर अन्य सर्व बोजांहून तो अग्रक्रमाचा असतो. सदनिका विकली तरी विक्रीपर्यंतच्या थकबाकीबद्दल विकणारा व घेणारा दोघेही जबाबदार राहतात. म्हणून जुनी सदनिका घेणाऱ्याने संघाकडून थकबाकीचे लेखी निवेदन मागून घ्यावे. तो त्याचा हक्क आहे, आणि निवेदनातील रकमेहून अधिक थकबाकीसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. सहकारी संस्थेच्या बाबतीत निबंधकांच्या दाखल्यावरून थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते.

इतर कर्तव्ये

इमारतीच्या भक्कमपणाला वा सुरक्षिततेला धोका पोहोचेल, तिचे मूल्य घटेल, किंवा तिच्यात महत्त्वाची भर पडेल असे कोणतेही काम इतर सर्व मालकांच्या एकमुखी संमतीवाचून करण्यास मनाई आहे. खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत पाडणे, खांबाला छेद देऊन नळ नेणे, सज्जा बंद करून त्यावर वजनदार बांधकाम करणे, या गोष्टी “माझ्या घरात मी काहीही करीन” या सदरात बसत नाहीत. घर आपले असले तरी त्यातून जाणारा खांब सर्वांचा असतो. सदर काम सक्षम प्राधिकरणाच्या परवानगीवाचून केल्यास तो स्वतंत्र अपराध ठरू शकतो.

सामायिक नळ, वाहिन्या इत्यादींच्या दुरुस्तीसाठी योग्य वेळी सदनिकेत प्रवेश करण्याचा संघाला हक्क आहे. दार न उघडणे हा त्या हक्काचा भंग होय. घोषणापत्रातील अटी व उपविधी पाळणे प्रत्येकावर बंधनकारक असून, त्या मोडणाऱ्याविरुद्ध संघ किंवा बाधित मालक नुकसानभरपाईसाठी अथवा मनाईहुकुमासाठी कार्यवाही करू शकतात.

जुन्या इमारतींच्या बाबतीत संरचनात्मक तपासणीचे कर्तव्य फार महत्त्वाचे आहे. संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची ३ वर्षांतून एकदा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावयाची असते. अपार्टमेंटमालकांच्या संघांनीही हेच प्रमाण धरावे. अहवाल प्रतिकूल आला तर खर्च करावा लागेल, या भीतीने तपासणीच न करणे म्हणजे आजार कळू नये म्हणून वैद्याकडे न जाण्यासारखे आहे.

संघात सहभागी होणे हेही कर्तव्यच आहे. २०१६ च्या अधिनियमाने सदनिका घेणाऱ्यावर संस्था वा संघ स्थापन करण्याच्या कामी सहभाग देण्याचे बंधन घातले आहे. सभेला न जाणारे आणि नंतर निर्णयाला विरोध करणारे लोक प्रत्येक इमारतीत असतात. दोन-तीन व्यक्तींवर सर्व भार टाकून उरलेल्यांनी केवळ दोष काढावेत, ही प्रवृत्ती भाडेकरूपणाचीच खूण होय.

ग्रामीण भागातील प्रश्न

शहरांच्या परिघातील गावांत सदनिकांच्या योजना होऊ लागल्यापासून हे प्रश्न ग्रामपंचायतींपर्यंत येऊन पोहोचले आहेत. येथे सदस्यांनी दोन गोष्टी लोकांच्या ध्यानी आणून द्याव्यात. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. ती करआकारणीसाठी केलेली नोंद आहे. मालकीसाठी नोंदणीकृत दस्तच पाहावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, अपार्टमेंट पद्धतीत प्रत्येक सदनिकेची व तिच्या अविभक्त हिश्श्याची कराकरिता स्वतंत्र आकारणी होते. शेजाऱ्याने कर थकविला म्हणून दुसऱ्याच्या सदनिकेवर त्याचा भार येत नाही.

सदनिका घेण्यापूर्वी जमिनीचे अकृषिक वापराविषयीचे कागद, मंजूर नकाशा, महारेराची नोंदणी लागू असल्यास तिचा क्रमांक आणि ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, ही सूचना ग्रामसभेत एकदा जरी वाचून दाखविली तरी अनेक कुटुंबांची फसगत टळू शकेल. गावातील शिक्षकाकडे लोक कागद वाचून घेण्यासाठी येतात. त्यांनी आणि शासकीय कर्मचाऱ्यांनी ही माहिती स्वतः करून घेतली, तर ती आपोआप पुढे जाईल.

प्रारंभ कोठून करावा

आपली इमारत संस्थेची आहे की अपार्टमेंटची, याची खात्री प्रथम करावी. नंतर घोषणापत्राची किंवा उपविधींची प्रत मिळवून ती सर्वांच्या सभेत वाचावी. मागील वर्षाचा हिशेब मांडावा, थकबाकीची यादी करावी आणि इमारतीच्या वयानुसार तपासणीची तारीख ठरवावी. दुरुस्तीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवण्याचा ठराव करावा, म्हणजे निकडीच्या वेळी एकदम मोठी वर्गणी मागण्याचा प्रसंग येत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध सभासदाला वर्षाला काही शेकडे रुपये देणे जमते. अकस्मात आलेली पन्नास हजारांची मागणी त्याला पेलवत नाही. वेळेवर केलेला लहान खर्च हा अशा सभासदांविषयीच्या सहानुभूतीचाही एक प्रकार आहे.

ही कामे करण्यास नव्या कायद्याची किंवा वरिष्ठ कार्यालयाच्या आदेशाची आवश्यकता नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी गच्ची एकदा सर्वांनी मिळून पाहावी. तळमजल्याच्या मालकानेही त्या दिवशी वर चढून जावे. कारण ती गच्ची त्याचीही आहे.